नव्या फ्लॅटची खिडकी आगीत कामाला येईल का?

नव्या सोसायटीत फ्लॅटचे ताबे मिळू लागले की राहायला येणाऱ्यांच्या सामानाआधी ग्रिलवाले येतात. गेटजवळ त्यांच्या दरांचे कागद लागतात. एकाने बॉक्स ग्रिल बसवली की मजल्यावरचे बाकीचेही तशीच मागतात आणि महिना-दोन महिन्यांत इमारतीच्या एका अंगाच्या साऱ्या खिडक्या लोखंडाआड जातात. चोरीची भीती, घरातली लहान मुले, कबुतरांचा त्रास, कुंड्यांसाठी जागा ही त्यामागची कारणे खरी आहेत. पण अग्निशमन दलाने नकाशा तपासून ज्या इमारतीला नाहरकत दाखला दिला, ती इमारत तेव्हापासून कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसरी होत जाते. फ्लॅट घेताना लोक खिडकीतून समुद्र दिसतो का, डोंगर दिसतो का, वारा कुठून येतो, हे विचारतात. आग लागल्यावर ही खिडकी काय करू शकेल, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. तो घर घेतानाच विचारला पाहिजे, कारण नंतर दुरुस्त करता येण्यासारखे फार थोडे उरते.

आगीत बहुतेक बळी ज्वाळांनी जात नाहीत, धुराने जातात. गादी, सोफ्याचा फोम, प्लास्टिक, वायरचे आवरण जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, आणि बंद खोलीत माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. कोलकात्यातल्या आम्री रुग्णालयात 9 डिसेंबर 2011 च्या पहाटे तळघरात आग लागली. वरच्या मजल्यांवरच्या रुग्णांपर्यंत ज्वाळा पोहोचल्या नव्हत्या, धूर पोहोचला. इमारत वातानुकूलित, काचा बंद. बाहेरून काचा फोडून माणसे काढावी लागली आणि सुमारे 90 जण दगावले. त्याच्या आदल्या वर्षी, 23 फेब्रुवारी 2010 रोजी, बंगळूरच्या कार्लटन टॉवर्समध्ये धुराने कोंडलेल्या लोकांनी खिडक्यांतून उड्या घेतल्या. तिथे नऊ जण गेले. दोन्ही इमारती निवासी नव्हत्या, पण बंद काचेमागे धूर साचला की काय होते, हे त्यांनी देशाला दाखवले आणि पुढच्या नियमांवर त्या अनुभवाची छाया आहे.

भारतात या विषयाचा मूळ दस्तऐवज म्हणजे राष्ट्रीय इमारत संहिता, म्हणजेच नॅशनल बिल्डिंग कोड. भारतीय मानक ब्युरोने ती 1970 मध्ये पहिल्यांदा काढली आणि सध्या सर्वत्र संदर्भ दिला जातो तो 2016 च्या आवृत्तीचा. तिचा चौथा भाग आग आणि जीवितसुरक्षेचा आहे. संहिता स्वतः कायदा नाही, राज्यांचे कायदे तिला बंधनकारक करतात. महाराष्ट्रात हे काम आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 करतो. त्याच्या जोडीला मुंबईत विकास नियंत्रण नियमावली 2034 आहे आणि राज्याच्या बहुतांश भागात 2020 ची एकत्रीकृत नियमावली. 15 मीटर किंवा त्याहून उंच इमारतीला संहिता उंच इमारत मानते. म्हणजे तळमजला आणि वर चार-पाच मजले एवढ्यानेच ती रेषा ओलांडली जाते. ‘आमची इमारत काही टॉवर नाही’ असे म्हणणाऱ्या अनेक सोसायट्या प्रत्यक्षात या व्याख्येत बसतात.

आता खिडकीकडे. संहिता खिडक्यांचा विचार दोन ठिकाणी करते: एकदा हवा-उजेडासाठी आणि एकदा आगीसाठी. पहिल्या नियमाने खोलीच्या क्षेत्रफळाच्या काही ठरावीक भागाइतकी उघडी जागा लागते. कोरड्या उष्ण हवामानात एक दशांश, दमट उष्ण हवामानात एक षष्ठांश. कोकणपट्टी आणि मुंबई दुसऱ्या प्रकारात येतात. म्हणजे 120 चौरस फुटांच्या बेडरूमला 20 चौरस फूट. आकडा हवेसाठी ठरलेला असला तरी धूर बाहेर जाण्याची वाटही तीच असते. म्हणून खिडकीचा काही भाग कायमची काच लावून बंद केलेला असेल, तर तिचे एकूण माप विचारण्यात अर्थ नाही. उघडणारे माप विचारावे.

ही गोष्ट स्लायडिंग खिडकीच्या बाबतीत फार महत्त्वाची आहे, कारण आजच्या नव्या फ्लॅटांमध्ये सर्वाधिक दिसते ती हीच. दोन पल्ल्यांची स्लायडिंग कधीही अर्ध्यापेक्षा जास्त उघडत नाही. तीन ट्रॅकची असली आणि तिसरा पल्ला मच्छरजाळीचा असला तरी हिशेब तोच. चार फूट रुंदीच्या खिडकीतून दोन फुटांहून थोडी कमी वाट मिळते. तीन फुटांच्या खिडकीतून चौकटीची जाडी वजा करता 16-17 इंच.

हे 16-17 इंच पुरेसे आहेत का, हे समजायला परदेशातल्या दोन नियमांची मापे उपयोगी पडतात. अमेरिकेच्या इमारत संहितेत, काही प्रकारच्या निवासी इमारतींत, चौथ्या मजल्याखालच्या झोपण्याच्या खोलीला सुटकेची खिडकी लागते. तिचे मोकळे क्षेत्रफळ किमान 5.7 चौरस फूट, उंची किमान 24 इंच, रुंदी किमान 20 इंच आणि तिचा खालचा काठ जमिनीपासून 44 इंचांपेक्षा वर नाही. ही मापे आत शिरणाऱ्या जवानाचाही विचार करून ठरली आहेत, कारण त्याच्या पाठीवर श्वसनयंत्राचे सिलिंडर असते. इंग्लंडमध्ये सुटकेच्या खिडकीचे मोकळे क्षेत्रफळ किमान 0.33 चौरस मीटर असते, कुठलीही बाजू 450 मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही, आणि ज्या मजल्याची जमीन रस्त्यापासून साडेचार मीटरपेक्षा उंच आहे त्याला ही खिडकी सुटकेची वाट म्हणून धरतच नाहीत. तीन फुटांची स्लायडिंग यांपैकी एकाही कसोटीवर धड उतरत नाही.

इंग्लंडच्या नियमातली शेवटची अट नीट लक्षात घ्यावी. खिडकीतून स्वतः बाहेर पडणे पहिल्या मजल्यापर्यंतच शक्य मानले जाते. आपल्या संहितेतही उंच इमारतीतून बाहेर पडण्याची वाट म्हणजे जिना, संरक्षित मार्गिका आणि त्यांचे दरवाजे. लिफ्ट त्यात धरलेली नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये मुंबईत करी रोडच्या अविघ्न पार्क या साठ मजल्यांच्या टॉवरमध्ये एकोणिसाव्या मजल्यावर आग लागली. बाल्कनीच्या कठड्याला लटकून खालच्या मजल्यावर उतरू पाहणारा एक सुरक्षारक्षक हात सुटून पडला आणि गेला. उंचावरच्या खिडकीचे काम वेगळे असते. धूर बाहेर जावा, आत अडकलेल्याला श्वास घेता यावा, तो खालून दिसावा, शिडीच्या पोहोचीत असेल तर त्याला उचलून घेता यावे आणि खालच्या मजल्याची ज्वाळा आत शिरू नये, यासाठी ती हवी.

शिडीची पोहोच हा शब्द मात्र सावधपणे वापरायला हवा. मुंबई अग्निशमन दलाकडे 90 मीटरपर्यंत जाणारा हायड्रॉलिक प्लॅटफॉर्म आहे, हे ऐकून अनेकांना दिलासा वाटतो. पण हे अवजड वाहन उभे राहायला इमारतीच्या बाजूला पक्की, मोकळी जागा लागते. राष्ट्रीय संहितेनुसार उंच इमारतीभोवतीचा मार्ग 45 टनांचे वाहन पेलणारा हवा. पोडियमवर बाग केलेल्या, पार्किंगसाठी प्रत्येक कोपरा वापरलेल्या आणि गेटवर नक्षीदार कमान उभारलेल्या संकुलात ते वाहन कुठल्या खिडकीखाली उभे राहील, हे बिल्डरला विचारता येते. उत्तर नकाशावर बोट ठेवून मिळाले पाहिजे. ज्या फ्लॅटच्या साऱ्या खिडक्या पोडियमच्या किंवा आतल्या चौकाच्या बाजूला आहेत, तिथे बाहेरून मदत जवळपास अशक्य आहे, असे धरून चालावे आणि त्या इमारतीतले जिने दुप्पट काळजीने पाहावेत.

ग्रिलचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे, कारण तिथे दोन भीतींचा सामना आहे. लहान मूल खिडकीतून पडण्याची भीती खरी असते आणि ती घेऊन जगणाऱ्या आईबापांना ‘ग्रिल लावू नका’ हा सल्ला देणे योग्य नाही. न्यूयॉर्क शहराने यावर 1976 मध्येच तोडगा काढला. दहा वर्षांपर्यंतचे मूल असलेल्या घराच्या खिडक्यांना संरक्षक गज लावणे तिथे इमारतमालकावर बंधनकारक आहे, पण बाहेरच्या सुटकेच्या जिन्याकडे उघडणाऱ्या खिडकीला हे गज लावता येत नाहीत. अमेरिकेच्या संहितेत सुटकेच्या खिडकीला जाळी असेलच तर ती आतून, किल्ली किंवा हत्याराशिवाय, एरवीइतक्याच जोराने उघडली पाहिजे. म्हणजे मुलाची सुरक्षा आणि सुटका यांतले एक निवडावे लागत नाही. दोन्ही साधता येतात, फक्त फॅब्रिकेटरला काम सांगताना ते सांगावे लागते.

काम सांगायचे कसे? घरातल्या प्रत्येक झोपण्याच्या खोलीच्या आणि दिवाणखान्यातल्या रस्त्याच्या बाजूच्या निदान एका खिडकीच्या ग्रिलमध्ये बिजागरीचा दरवाजा ठेवावा. तो कमीत कमी दोन फूट रुंद आणि तीन फूट उंच असावा, खिडकीच्या उघडणाऱ्या पल्ल्याच्या अगदी समोर असावा, कायमच्या काचेसमोर नव्हे. ही चूक फार सर्रास होते: ग्रिलचा दरवाजा डावीकडे आणि स्लायडिंगचा उघडा भाग उजवीकडे. कडी आतून, मोठ्या माणसाच्या हाताच्या उंचीवर, लहान मुलाच्या हाताबाहेर. कुलूप नको. चोरीच्या भीतीने लावायचेच असेल तर किल्ली त्याच खोलीत, भिंतीवरच्या एका ठरलेल्या खिळ्याला, घरातल्या सर्वांना माहीत. कडी बाहेरून हात घालून पोहोचणार नाही अशी पत्र्याची पट्टी मागे लावता येते. गजांतले अंतर चार इंचांच्या आत ठेवले तर मूल त्यातून जात नाही. आडवे गज टाळावेत, मुलांना ते चढायला पायऱ्यांसारखे वाटतात.

मुंबई, रत्नागिरी, पणजी अशा खाऱ्या हवेच्या गावांत आणखी एक अडचण येते. लोखंडी बिजागऱ्या गंजून जाम होतात. दोन पावसाळे न उघडलेला ग्रिलचा दरवाजा गरजेच्या वेळी उघडत नाही. महिन्यातून एकदा उघडून पाहावा, वर्षातून एकदा ग्रीस लावावे, शक्य असेल तर बिजागरी आणि कडी स्टेनलेस स्टीलची घ्यावी. त्या दरवाजावर कुंड्या, कपडे वाळवायची दोरी, डिश अँटेना यांतले काहीही टांगू नये. बाहेर काढलेल्या बॉक्स ग्रिलचा प्रश्न आणखी वेगळा आहे. ती मंजूर नकाशात नसते, आणि त्यात साठवलेली खोकी, जुनी वर्तमानपत्रे, प्लास्टिकचे पिंप ही खालून येणाऱ्या ज्वाळेला तयार इंधन ठरतात.

ज्वाळा खालून वर कशी येते, हे ज्यांनी पाहिले आहे ते खिडकीवरच्या छज्ज्याला किंमत देतात. खोलीत आग भडकली की काच फुटते, ज्वाळा बाहेर पडून भिंतीला चिकटून वर चढते आणि वरच्या मजल्याची खिडकी तापवते. दोन खिडक्यांच्या मध्ये पुरेशी भरीव भिंत असेल किंवा मध्ये पुढे आलेला स्लॅब असेल, तर ही उडी अवघड होते. अमेरिकन संहितेत, स्प्रिंकलर नसलेल्या उंच इमारतींसाठी, वरखालच्या खिडक्यांत तीन फुटांची अग्निरोधक भिंत किंवा 30 इंचांचा पुढे आलेला आडवा भाग मागितला आहे. आपल्याकडचा पावसासाठी काढलेला अडीच फुटांचा काँक्रीटचा छज्जा साधारण तेवढाच असतो. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत सपाट, चकचकीत दर्शनी भागाच्या हौसेपायी तो अनेक टॉवरमधून गेला आणि त्याबरोबर हा फायदाही गेला. नवा फ्लॅट पाहताना खिडकीतून मान बाहेर काढून वरखाली पाहावे: छज्जा आहे का, बाल्कनीचा स्लॅब पुढे आला आहे का, की जमिनीपासून छतापर्यंत एकावर एक काचच आहे?

लंडनच्या ग्रेनफेल टॉवरची आग या संदर्भात प्रत्येक खरेदीदाराने जाणून घ्यावी. 14 जून 2017 रोजी 24 मजल्यांच्या त्या इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या जवळ आग लागली. घरातली आग साधी होती. चौकशी आयोगाच्या पहिल्या टप्प्याच्या अहवालानुसार ती बाहेर गेली ती खिडकीच्या कडेने. नूतनीकरणात बसवलेली यूपीव्हीसीची चौकट उष्णतेने वाकली, तिच्याभोवती भरलेले साहित्य ज्वलनशील होते, आणि त्यापलीकडे बाहेरच्या भिंतीवर पॉलिथिलीनचा गाभा असलेले अॅल्युमिनियमचे आवरण होते. आग आवरणाला पोहोचल्यावर अर्ध्या तासाच्या आत शेंड्यापर्यंत गेली. 72 माणसे मेली. खिडकीच्या चौकटीभोवती आग अडवणारा पट्टा तिथे नव्हता.

यूपीव्हीसी वाईट आणि अॅल्युमिनियम चांगले, असा सरळ निष्कर्ष यातून काढू नये. यूपीव्हीसी साधारण 80 अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते आणि अॅल्युमिनियम 660 अंशांना वितळते, पण खऱ्या आगीत खोलीचे तापमान याच्याही पुढे जाते. चौकट कशाचीही असली तरी तिच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत काय भरले आहे, हे महत्त्वाचे. आपल्याकडे ही फट पिवळसर पॉलियुरेथेन फोमने भरण्याची सवय रूढ झाली आहे. ताब्याआधीच्या पाहणीत चौकटीच्या कडेचे सिलिकॉन जरा दाबून पाहावे आणि साइट इंजिनिअरला आतले साहित्य विचारावे. सिमेंटचा मसाला किंवा अग्निरोधक सीलंट हे समाधानकारक उत्तर. फोम असेल तर तो अग्निरोधक प्रतीचा आहे का आणि त्याचे चाचणी प्रमाणपत्र कुठे आहे, ते मागावे. इमारतीच्या बाहेर अॅल्युमिनियमचे पत्रे, म्हणजे एसीपी, लावलेले असतील तर त्यांच्या गाभ्याबद्दलही हाच प्रश्न.

काचेच्या दर्शनी भागासाठी राष्ट्रीय संहितेत स्पष्ट अटी आहेत. निवासी टॉवरच्या लॉबी, क्लबहाउस आणि काचेने मढवलेल्या मजल्यांना त्या लागू पडतात. काचेची भिंत आणि प्रत्येक मजल्याचा स्लॅब यांमधली फट स्लॅबइतक्याच अग्निरोधक क्षमतेच्या साहित्याने बंद केलेली हवी, नाहीतर ती फट तळापासून माथ्यापर्यंतचे धुराडे होते. प्रत्येक मजल्यावर उघडणारे पॅनेल हवेत, एकमेकांपासून दहा मीटरपेक्षा लांब नकोत, प्रत्येकाचे माप किमान एक मीटर गुणिले एक मीटर, बाहेरच्या बाजूला उघडणारे, आणि उघडायची मूठ जमिनीपासून 1.2 ते 1.5 मीटरवर. आतल्या बाजूने ‘आग लागल्यास उघडा, अडथळा करू नका’ अशा अर्थाची सूचना किमान 25 मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत हवी. मुंबईत जुलै 2014 मध्ये अंधेरीच्या लोटस बिझनेस पार्कला लागलेल्या आगीत एका जवानाचा जीव गेला. बाहेरून काचबंद असलेल्या इमारतीत धूर काढणे किती कठीण असते, याची चर्चा शहरात तेव्हापासून जोरात सुरू झाली.

घरातल्या काचेविषयी एवढे माहीत असावे. साधी काच कडेला आणि मध्यभागी साधारण 40 अंशांचा फरक पडला तरी तडकते. टफन्ड काच सुमारे 200 अंशांपर्यंतचा फरक सोसते, फुटली की बारीक दाणे होतात, पण नुसत्या हाताने किंवा खुर्चीने सहज फुटत नाही. टोकदार वस्तूने कोपऱ्याजवळ मारावे लागते. लॅमिनेटेड काच तडकूनही चौकटीत चिकटून राहते. टफन्ड काचेच्या कोपऱ्यात बहुधा बारीक छाप असतो, त्यावरून ती ओळखता येते. कायमच्या काचांच्या खोलीत टोकदार हातोडी ठेवणे शहाणपणाचे.

फ्लॅटच्या खिडकीइतकाच, किंबहुना जास्त, जिन्यातल्या खिडकीचा विचार करावा लागतो. जिथे जिना नैसर्गिक हवेवर आहे, तिथे संहिता प्रत्येक वळणावर बाहेरच्या भिंतीत अर्धा चौरस मीटर उघडी जागा मागते. आरपार हवेच्या जिन्याला अशा दोन. ही जागा उघडी राहिली तर जिन्यातला धूर बाहेर जातो. पण पावसाचा झोत येतो, कबुतरे घरटी करतात, म्हणून सोसायट्या तिथे स्लायडिंग काचा बसवतात, काही ठिकाणी फायबरचे पत्रे ठोकतात. गोरेगावच्या जय भवानी इमारतीत 6 ऑक्टोबर 2023 च्या पहाटे तळाच्या पार्किंगमध्ये आग लागली, तिथे कपड्यांचे गठ्ठे होते, आणि धूर जिन्याने वर गेला. किमान सात जण दगावले, चाळीसहून अधिक जखमी झाले. पावसासाठी जिन्याच्या खिडकीला तिरप्या स्थिर पट्ट्यांची लूव्हर लावता येते. तिच्यातून हवा जाते, पाणी येत नाही. कबुतरांसाठी तारेची जाळी पुरते, नायलॉनची वितळते.

डक्टकडे उघडणाऱ्या खिडक्या वेगळ्या. न्हाणीघर आणि स्वयंपाकघराची ती छोटी खिडकी धूर बाहेर सोडण्याऐवजी खालच्या मजल्याचा धूर आत आणू शकते. अशा खिडकीला पूर्ण बंद होणारा पल्ला असावा. त्याच डक्टमध्ये एसीची बाहेरची युनिटे, प्लास्टिकचे पाइप आणि वायरींचे जुडगे असले तर अधिकच.

संहितेच्या साधारण नियमाने 24 मीटरपेक्षा उंच इमारतीत ‘रेफ्युज एरिया’, म्हणजे आगीच्या वेळी थांबायची सुरक्षित जागा, लागतो: 24 मीटरवर किंवा लगेच वर पहिला, पुढे साधारण दर 15 मीटरला. तो इमारतीच्या बाहेरच्या कडेला आणि निदान एका बाजूने बाहेरच्या हवेला उघडा असला पाहिजे, कठड्यासह. तिथे खिडकी लावून बंद खोली करणे, सोसायटीचे कार्यालय थाटणे, जुने फर्निचर ठेवणे, हे सगळे नियमाचे उल्लंघन आहे. ताबा घेण्याआधी तिथे स्वतः जाऊन उभे राहावे.

फ्लॅट ठरवण्याआधी महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा मंजूर नकाशा पाहता येतो. त्यात प्रत्येक खिडकीला खूण आणि सोबतच्या तक्त्यात माप असते. नमुना फ्लॅटमध्ये टेप घेऊन जावे आणि उघडणारी वाट मोजून तक्त्याशी ताडावी. रेरा कायद्याच्या कलम 14 नुसार मंजूर नकाशात मोठा बदल करायला इतर खरेदीदारांपैकी दोन तृतीयांशांची लेखी संमती लागते. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामाच्या दर्जातला दोष दाखवला तर बिल्डरने तो 30 दिवसांत, विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. जाम होणारी खिडकी, चौकटीभोवतीची उघडी फट, स्लॅब आणि काचेमधली न भरलेली जागा यांची तक्रार लेखी करावी, फोटोसह. भोगवटा प्रमाणपत्र आणि अग्निशमन दलाचा अंतिम दाखला या दोन्हींच्या प्रती सोसायटीच्या दप्तरात हव्यात.

इंटिरिअरचे काम सुरू झाल्यावर सर्वाधिक नुकसान होते. बेडरूमच्या खिडकीसमोर कपाट, खिडकीखाली उंच ओटा, एसीसाठी एक पल्ला कायमचा बंद, बाल्कनीला काचा लावून खोली मोठी केलेली. बाल्कनी बंद केली की धूर साचायची जागा वाढते आणि ज्वाळेला अडवणारी मोकळी जागा जाते. दिवाळीत बाल्कनीत वाळत घातलेल्या कपड्यांवर रॉकेट येऊन पडण्याचे प्रकार दरवर्षी कुठे ना कुठे घडतात. त्या दिवसांत पडदे आत ओढून, खिडक्या बंद करून बाहेर जावे.

रंगकामाच्या वेळी तर सोसायटीने डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे. हाँगकाँगच्या वांग फुक कोर्ट संकुलात 26 नोव्हेंबर 2025 रोजी बांबूच्या परांच्या आणि जाळ्यांनी वेढलेल्या आठ टॉवरपैकी सात पेटले. दुरुस्तीच्या काळात खिडक्यांवर फोमचे फलक लावले होते. मृतांचा आकडा दीडशेच्या पुढे गेला. आपल्याकडेही कंत्राटदार रंगाचे शिंतोडे उडू नयेत म्हणून खिडक्या प्लास्टिकने बंद करतात आणि परांचीवर हिरवी जाळी महिनोन् महिने राहते. जाळी अग्निरोधक असल्याचे प्रमाणपत्र कंत्राटातच मागावे, खिडकीवरचे प्लास्टिक त्या दिवसाचे काम संपताच काढायला लावावे.

कायद्याने सोसायटीवर आणखी एक जबाबदारी आहे. परवानाधारक संस्थेकडून आगीची यंत्रणा तपासून ती सुस्थितीत असल्याचा ‘फॉर्म बी’ वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन दलाला द्यायचा असतो. ताडदेवच्या कमला इमारतीत जानेवारी 2022 मध्ये लागलेल्या आगीनंतर यंत्रणा चालू होती का, हा प्रश्न सगळ्यात आधी उभा राहिला होता. या सहामाही पाहणीच्या दिवशीच जिन्याच्या खिडक्या, रेफ्युज एरिया आणि ग्रिलचे दरवाजे पाहण्याचा ठराव सर्वसाधारण सभेत करता येतो. ग्रिलचा एकच मंजूर नमुना ठरवून, त्यात उघडणारा दरवाजा सक्तीचा केला तर फॅब्रिकेटरही त्याच मापाने काम करतात आणि भाव कमी पडतो.

आग स्वतःच्या घरात असेल तर सर्वांनी बाहेर पडावे, मागे दार ओढून घ्यावे, जिन्याने उतरावे. खिडकी फोडत बसू नये, ताजी हवा मिळाली की आग जोर धरते. आग दुसरीकडे असेल आणि मार्गिकेत धूर असेल तर दार बंद करून आगीपासून लांबच्या, बाहेरच्या बाजूला खिडकी असलेल्या खोलीत जावे. दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबावे, पडदे काढून टाकावेत. खिडकी थोडीच उघडावी, बाहेरून धूर येऊ लागला की लगेच मिटावी. म्हणूनच काच फोडण्याची घाई नको: फुटलेली खिडकी पुन्हा बंद करता येत नाही. ओढणी किंवा चादर बाहेर सोडावी, रात्री मोबाइलचा टॉर्च हलवत राहावा. 101 किंवा 112 वर फोन लागला की इमारतीचे नाव, विंग, मजला, खोलीत किती माणसे आहेत ते सांगावे, आणि खिडकी कोणत्या बाजूला उघडते तेही: गेटच्या, मागच्या रस्त्याच्या की शाळेच्या मैदानाच्या.